उथळ पाण्यात सपाट तळाच्या छोट्या मोटारबोटीची चाल कशी सुधारावी?

दोनकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १४ फूट लांबीची, तळाशी ४ फूट रुंद असलेली ॲल्युमिनियमची सपाट तळाची बोट आहे. तिला १५ अश्वशक्तीची, आखूड शाफ्टची फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर लावलेली आहे. बहुतेक वेळा आम्ही दोघे असतो. सामान फारसे नसते, परंतु पेट्रोलची २५ लिटरची टाकी आणि बॅटरी या दोन्ही वस्तू मागच्या बाकाखाली आहेत आणि मोटरचा दांडा हातात धरून चालवणारा, म्हणजे मी, तिथेच बसतो.

खोल पाण्यात बोट समाधानकारक चालते. पूर्ण थ्रॉटलला मोटर मिनिटाला ५४०० फेरे दाखवते आणि जीपीएसवर वेग ताशी २७ कि.मी. येतो. पंख्याची पिच (एका फेऱ्यात न घसरता कापले जाणारे अंतर) ९ इंच आणि गिअरचे प्रमाण (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) २.०८ आहे. अडचण पाणी दोन फुटांच्या आसपास आले की सुरू होते. तिथे बोट थांबलेल्या अवस्थेतून प्लेनिंगवर, म्हणजे वेगात पाण्यावर उचलली जाऊन सरकण्याच्या अवस्थेत, येतच नाही. नाळ (पुढचे टोक) आकाशाकडे जाते, मागची बाजू खाली बसते, मागे चिखलाचा लोट उठतो आणि कितीही थ्रॉटल दिला तरी ती तशीच रेटत राहते. दीड फुटाला मोटरचे खालचे टोक तळाला लागते. मोटर दोन इंच वर घेऊन पाहिली, तर सरळ रेषेत ठीक चालली, पण वळणावर पंखा एकदम मोकळा फिरू लागला आणि इंजिन किंचाळले, म्हणून घाबरून पुन्हा खाली घेतली.

यावर मोठी मोटर घ्यावी, तळाला बोगदा (पंख्याकडे पाणी वर नेणारी खोलगट पन्हळ) करून घ्यावा, पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकणारे जेट लावावे, की आहे त्यातच काही करता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

वल्हेकरी

मोठ्या मोटरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मोठी मोटर म्हणजे मागच्या फळीवर आणखी वजन, आणि तुमच्या वर्णनावरून बोटीचे मुख्य दुखणे तेच दिसते. शिवाय बोटीवरील पट्टीवर जितक्या अश्वशक्तीची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडणे धोक्याचे असते.

सपाट तळाच्या बोटीचा हिशेब सोपा असतो, म्हणून तो कागदावर मांडून पाहावा. नाळेकडचा वर उचललेला भाग सोडला, तर तुमच्या बोटीचा पाण्याला टेकणारा तळ साधारण ३.६ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, म्हणजे ४.३ चौरस मीटर असेल. याचा अर्थ गोड्या पाण्यात दर ४३ किलो वजनामागे बोट १ सें.मी. खाली बसते. बोट, मोटर, दोन माणसे, पेट्रोल, बॅटरी आणि किरकोळ सामान मिळून ३८० किलोच्या आसपास होत असतील, तर समतोल अवस्थेत तुमचा ड्राफ्ट (पाण्याखाली बसणारी खोली) जेमतेम ९ सें.मी. असायला हवा. पण बोट समतोल नाही. सगळे वजन मागे असल्यामुळे मागचा तळ ९ सें.मी. नव्हे, कदाचित १५ सें.मी. खाली असेल आणि नाळ जवळजवळ पाण्याबाहेर असेल. मागचा तळ जितका खाली जातो, तितकी मोटरही खाली जाते. पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपासून मोटरच्या अगदी खालच्या टोकापर्यंतचे अंतर या आकाराच्या मोटरमध्ये सुमारे एक फूट असते. तुमची बोट दीड फुटाला का अडते, हे या बेरजेतूनच लक्षात येईल.

बॅटरी आणि भरलेली टाकी यांचे मिळून ४७ किलो धरले आणि ते २.२ मीटर पुढे, नाळेजवळच्या बाकाखाली नेले, तर वरच्याच मापांच्या हिशेबाने मागचे टोक सुमारे ४ सें.मी. वर येते. एक पैसाही न खर्चता मोटर ४ सें.मी. वर आली, असे समजा. त्यानंतर दांड्याला लांब मूठ जोडून तुम्ही स्वतः दोन फूट पुढे बसलात, तर ८० किलोच्या माणसामुळे आणखी जवळपास २ सें.मी. मिळतात. बॅटरीच्या तारा लांब कराव्या लागतील; त्या पुरेशा जाड घ्याव्यात आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. पेट्रोलची नळी पायांत येणार नाही अशी बाजूच्या कडेने न्यावी.

मात्र हे वजन अतिपुढे नेऊ नये. नाळ जड झाली की बोट वेगात नाळेवरच वळू पाहते, सुकाणू हलके व भरकटल्यासारखे लागते आणि समोरून लाट आली तर पाणी आत येते. थांबलेल्या बोटीत दोघे आपापल्या जागी बसल्यावर तळ पाण्याच्या पातळीशी समांतर किंवा नाळ अगदी किंचित वर, इतकेच साधावे.

एक गोष्ट आवर्जून तपासावी. बोट जुनी असेल तर बाकांच्या आत भरलेला फोम पाणी पितो. बाहेरून काहीच कळत नाही, आणि बोट वर्षानुवर्षे थोडी थोडी जड होत जाते. तिचे रिकामे वजन एकदा प्रत्यक्ष मोजून पाहावे.

जुना सुकाणू

वल्हेकरी यांनी वजनाचे सांगितले ते आधी करावे, कारण वजन हलवल्यावर मोटरची योग्य उंचीही बदलते. त्यानंतरच मोटरला हात लावावा.

तुमच्या वळणावरच्या अनुभवाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यातच बरेच काही दडलेले आहे. पंखा मोकळा फिरला की बहुतेक जण त्याला कॅव्हिटेशन म्हणतात, परंतु तुमच्या बाबतीत घडले ते निराळे आहे. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या पाठीवरचा दाब इतका घटतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते फुटताना पात्याचा धातू खरवडला जातो. तुमच्याकडे वरून हवा ओढली गेली. सपाट तळाची बोट वळताना बाजूला घसरते आणि तळाखालून हवामिश्रित पाणी पंख्याकडे येते, शिवाय मोटर वर असल्यामुळे पृष्ठभागही जवळ असतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी ही हवा अडवण्यासाठीच असते, जरी तिला सर्रास कॅव्हिटेशन प्लेट म्हटले जाते.

ही पट्टी नेमकी कुठे आहे ते आधी मोजावे. सपाट जमिनीवर बोट ठेवून तळाला एक सरळ फळी टेकवावी, ती मागे मोटरपर्यंत येऊ द्यावी आणि मोटर सरळ उभी असताना फळीची खालची कड व पट्टी यांतील अंतर पाहावे. पट्टी तळाच्या खाली ३-४ सें.मी. असेल, तर तेवढा गिअरचा भाग विनाकारण पाणी कापतो आहे. आधी पट्टी तळाच्या पातळीत आणावी. पुढे दर वेळी १ सें.मी. याप्रमाणे वर जावे आणि प्रत्येक टप्प्यावर सरळ, डावे व उजवे वळण, नेहमीचे वजन बोटीत ठेवून तपासावे. तुम्ही एकदम दोन इंच चढलात, त्यामुळे मधली योग्य जागा तुम्हाला सापडलीच नाही. मोटर मागच्या फळीला आवळणाऱ्या शिकंजाच्या खाली कठीण लाकडाच्या १ सें.मी. जाडीच्या पट्ट्या रचून हे सहज करता येते. फक्त शिकंजाचे स्क्रू मागच्या फळीवर पूर्ण टेकलेले असावेत, आरपार बोल्ट असावेत आणि मोटरला सुरक्षा साखळी असावी. योग्य उंची सापडली की मग हाताने वरखाली करायची जॅक प्लेट घ्यायची की लाकडी पट्टीच कायम ठेवायची, हे ठरवावे. जॅक प्लेट मोटरला काही इंच मागेही नेते. तिथे तळाखालून सुटलेले पाणी किंचित वर उठलेले असते, त्यामुळे मोटर आणखी थोडी उंच चालते. पण मागे गेलेले वजन मागची बाजू पुन्हा दाबते, हे विसरू नये.

मोटर वर नेताना माझे लक्ष इंजिनाच्या आवाजापेक्षा थंड करणाऱ्या पाण्याच्या धारेकडे असते. पाणी आत घेणाऱ्या जाळ्या गिअरच्या भागावर असतात. त्यांपैकी वरची छिद्रे हवेत आली की धार आधी फुसफुसते, मग तुटक होते. पंखा पाणी धरून असला तरी ती धार तुटली, की ती उंची तुमच्यासाठी चुकीची समजावी.

आता तुमच्या आकड्यांकडे पाहू. ५४०० फेरे, २.०८ चे प्रमाण आणि ९ इंच पिच म्हणजे पंखा न घसरता ताशी सुमारे ३५.६ कि.मी. गेला असता. तुम्हाला २७ मिळतात, म्हणजे घसरण २४ टक्के आहे. हलक्या, नीट बसवलेल्या बोटीत ती १० ते २० टक्क्यांत असते. यातली काही तूट वजन व उंची जुळवूनच भरून निघेल. त्यानंतरही वळणावर हवा ओढली जात असेल, तर कपदार कडेचा, म्हणजे पात्याची मागची कड किंचित आत वळवलेला पंखा घ्यावा. शक्य असल्यास चार पात्यांचा. असा पंखा हवामिश्रित पाण्यातही पकड ठेवतो आणि कमाल वेगात थोडी तूट देतो. पूर्ण थ्रॉटलला फेरे मोटरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच राहतील अशी पिच निवडावी. दगडाळ तळ असेल तर ॲल्युमिनियमचाच पंखा बरा, कारण धडक बसल्यावर तो स्वतः वाकतो आणि गिअर वाचतो.

बोटीच्या तळाला मधोमध उभी कड आहे का, हेही कळवावे. ती कड मागच्या फळीपर्यंत आलेली असेल, तर तिच्या मागे सुटणारे खळबळलेले पाणी थेट पंख्यात जाते, आणि मोटर वर घेतल्यावर हा त्रास वाढतो.

लाटमाप

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मात्र दोन फूट पाण्यात बोट प्लेनिंगवर का येत नाही, याचे कारण केवळ बोटीत नाही, पाण्यातही आहे, आणि ते समजले तर चालवण्याची पद्धत बदलावी लागेल.

उथळ पाण्यात लाट ठरावीक वेगापेक्षा जलद जाऊ शकत नाही. तो वेग म्हणजे गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. १.२ मीटर खोलीला तो ताशी सुमारे १२.३ कि.मी. येतो, ६० सें.मी. खोलीला ८.७ आणि ३० सें.मी. खोलीला केवळ ६.२. बोट या वेगाच्या जवळ आली की तिने उठवलेली लाट तिच्यापासून सुटून पुढे जाऊ शकत नाही. ती नाळेखाली साचते, मागे खळगा पडतो आणि बोट जणू स्वतःच उभारलेल्या चढावर चढत राहते. शिवाय बोटीचा तळ आणि नदीचा तळ यांमधल्या अरुंद फटीतून पाणी वेगाने वाहते, तिथला दाब घटतो आणि मागची बाजू आणखी खाली ओढली जाते. तुम्ही वर्णन केलेला चिखलाचा लोट याचीच खूण आहे. १८३४ मध्ये स्कॉटलंडच्या युनियन कालव्यात एक बोट अचानक थांबली, तेव्हा तिच्या नाळेपासून सुटलेली एकच भरीव लाट पुढे निघाली. जॉन स्कॉट रसेल यांनी घोड्यावरून तिचा पाठलाग केला आणि पुढे प्रयोग करून तिचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असल्याचे दाखवले. तुमची बोट त्याच लाटेत अडकते आहे.

महत्त्वाची बाब ही की तो वेग ओलांडल्यावर विरोध कमी होतो. म्हणून थांबलेल्या अवस्थेतून प्लेनिंगवर येण्याचे काम नेहमी खोल पाण्यात, तीन-साडेतीन फूट तरी खोली असेल तिथे उरकावे आणि मग थ्रॉटल स्थिर ठेवून उथळ पट्टा ओलांडावा. पट्ट्याच्या मध्यावर बिचकून थ्रॉटल सोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बोट खाली बसते, मागून आलेली तिचीच लाट तिला क्षणभर उचलते आणि लाट पुढे सरकताच मोटरसकट तळावर आदळवते. वळण घ्यायचे असेल तर ते उथळ पट्ट्याच्या आधी, मोठ्या वर्तुळात घ्यावे.

परंतु हे फक्त ओळखीच्या, त्याच दिवशी हळू जाऊन पाहिलेल्या पाण्यात करावे. अनोळखी पाण्यात उलटा मार्ग योग्य: वेग वरच्या आकड्यांच्या निम्म्याहून कमी ठेवावा, दुसऱ्या माणसाने पुढे बसून काठीने खोली पाहत राहावे आणि गरज पडल्यास मोटर बंद करून वल्ह्यावर जावे. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जाकिटाला अडकवलेली असलीच पाहिजे, कारण ताशी २५ कि.मी. वेगात मोटर तळाला लागली तर दांडा धरणारा माणूस पुढे फेकला जातो. पाणवनस्पतींच्या पट्ट्यांवरून पंखा नेऊ नये. मुळांसकट उपटलेली झाडे पुन्हा धरायला वर्षे लागतात.

आणखी एक खुलासा. बऱ्याच मोटरींना उथळ पाण्यासाठी अर्धवट तिरके ठेवण्याचा खाच असतो. त्या अवस्थेत पंख्याचा झोत मागे आणि वर जातो, त्यामुळे बोटीची मागची बाजू उलट खाली दाबली जाते. म्हणून ती सोय केवळ संथ चालीसाठी आहे. तिरकी मोटर ठेवून थ्रॉटल वाढवल्यास तुम्हाला हवे त्याच्या नेमके उलट घडते.

दोनकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत सांगितलेल्या क्रमानेच काम केले.

बोटीची दोन्ही टोके आळीपाळीने टांगत्या काट्याला लावून उचलली आणि दोन्ही आकड्यांची बेरीज केली. रिकामी बोट पुस्तिकेतील वजनापेक्षा २६ किलोंनी जास्त भरली. मागच्या बाकाचे रिबिट काढून पत्रा उचलला तेव्हा आतला फोम वरून पांढरा व कोरडा दिसत होता, पण खालच्या थरात हाताचे बोट रुतवले की पाणी वर येत होते. तो सगळा काढून पाणी न पिणाऱ्या, बंद पेशींच्या फोमचे ठोकळे तेवढ्याच घनफळाचे बसवले आणि तळाशी पाणी निघायला वाट ठेवली.

टाकी व बॅटरी पुढे नेली, दांड्याला लांब मूठ जोडली. पट्टी तळाच्या ४ सें.मी. खाली होती. ती आधी पातळीत आणली, मग १ सें.मी. वर, मग २. दोन सेंटिमीटरला डाव्या वळणावर किंचित हवा ओढली गेली, म्हणून १ वर स्थिर केली. मधली कड मागच्या फळीपर्यंत आलेली आहे. तिला अजून हात लावलेला नाही. पंखा जुनाच आहे. पूर्ण थ्रॉटलला आता ५५०० फेरे आणि ताशी ३० कि.मी. मिळतात, म्हणजे घसरण १७ टक्क्यांवर आली. खोल पाण्यात प्लेनिंगवर येऊन दोन फुटांचा पट्टा पहिल्यांदाच न रेटता पार केला.

आता दोन शंका उरल्या आहेत. बोगदा किंवा जेट यांचा विचार अजूनही करावा का? आणि मोटर वर घेतल्यापासून थंड पाण्याची धार अखंड असली तरी पूर्वीपेक्षा बारीक वाटते, हे चालेल का?

वल्हेकरी

बोगद्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तयार बोटीचा तळ कापून तो करू नये. बोगद्यामुळे वेगात पाणी वर चढून पंख्यापर्यंत येते आणि मोटर बरीच उंच बसवता येते, हे खरे. पण ३० सें.मी. रुंद, १० सें.मी. उंच आणि १.२ मीटर लांब असा पुढे निमुळता होत जाणारा बोगदा सुमारे १८ लिटर जागा खातो. म्हणजे नेमका जिथे आधार हवा तिथेच १८ किलोंची तरंगण्याची ताकद जाते, थांबलेली बोट मागे अधिक बसते, आणि रिव्हर्सची पकडही कमी होते. मागच्या फळीच्या दोन्ही बाजूंना हवाबंद पेट्या जोडणे त्यापेक्षा बरे. त्यांचा तळ बोटीच्या तळापेक्षा थोडा वर ठेवावा, नाहीतर वेगात त्याच नाळ खाली दाबतात.

जेटची गोष्ट वेगळी आहे. न्यूझीलंडच्या गोट्यांनी भरलेल्या उथळ नद्यांसाठीच विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात जेटबोट विकसित केली, आणि १९६० मध्ये त्यांच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. तळाखाली काहीही लोंबत नाही, हा तिचा मोठा गुण. पण आउटबोर्डला जेट जोडल्यावर सुमारे ३० टक्के शक्ती खर्ची पडते. तुमच्या १५ अश्वशक्तीतून दोन माणसांना प्लेनिंगवर आणणे अवघड जाईल. शिवाय शेवाळ आणि खडी तिच्या जाळीत अडकते. चिखल आणि वनस्पती हाच तुमचा रोजचा मार्ग असेल, तर लांब शाफ्टची, हवेने थंड होणारी मोटर अधिक योग्य ठरेल. थायलंडच्या कालव्यांत अशाच लांब दांड्याच्या मोटरी चालतात. तिला पाणी ओढावेच लागत नाही आणि अडथळा आला की पंखा उचलून घेता येतो. तुमचे बहुतेक पाणी दोन फुटांचे असेल, तर मात्र आहे तीच मोटर ठेवावी.

जुना सुकाणू

तळाची मधली कड मागच्या फळीपासून सुमारे एक फूट आधी संपवून तिचे टोक निमुळते करून घ्यावे. तिथले रिबिट काढावे लागणार असल्यास छिद्रे नीट बंद करून पाण्यात गळती तपासावी. त्यानंतर दोन सेंटिमीटरची उंची पुन्हा करून पाहावी. डाव्या वळणाचा त्रास बहुधा जाईल.

बारीक धारेकडे मात्र दुर्लक्ष करू नका. आधी इंजिन बंद असताना धारेच्या भोकात बारीक तार घालून ते मोकळे करावे, कारण गाळ तिथेच प्रथम साचतो. मग मोटर जुन्या, खालच्या उंचीवर आणून चालवावी. तिथेही धार बारीकच राहिली, तर दोष उंचीचा नाही, पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलरचा आहे. वाळूमिश्रित पाण्यात त्याची पाती झिजतात आणि कायमची एका बाजूला वाकून बसतात, म्हणून उथळ पाण्यात चालणाऱ्या मोटरीत ते दर वर्षी बदलणे मी आवश्यक मानतो. गिअरचा भाग उतरवल्यावर पंपाची आतली वाटी आणि खालची पोलादी चकतीही बोटाने चाचपून पाहावी. चर लागत असतील तर नवे इंपेलरही दाब धरणार नाही आणि तेही बदलावे लागतील. नवे इंपेलर वाटीत बसवताना त्याला किंचित साबणाचे पाणी लावावे आणि शाफ्ट नेहमी ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेने हळूहळू फिरवत वाटी खाली दाबावी, म्हणजे सर्व पाती योग्य बाजूला वाकून बसतील.